येळवसला एकटी

लातूर, ४ नोव्हेंबर

प्रिय विनूमावशी,

पत्र बघून तू आधी घाबरशील, मग चष्मा शोधशील, मग तो डोक्यावरच सापडेल. म्हणून पहिल्याच ओळीत सांगते, मी मजेत आहे.

लातुरात नोकरी लागली. ट्यूशन एरियातल्या एका क्लासमध्ये नववी-दहावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवते. या भागात माणसं कमी आणि दप्तरं जास्त. रिक्षावालासुद्धा मीटरऐवजी 'मॅडम, यंदा कटऑफ किती जाईल?' विचारतो. खोली मिळाली सिद्धम्मांच्या घरी, वरच्या मजल्यावर. खाली त्या आणि त्यांचा मुलगा मल्लिनाथ. तो डाळमिलमध्ये कामाला आहे. सिद्धम्मा मूळच्या निलंग्याकडच्या, बोलताना निम्मं कानडी. पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या, "ऊटा आयता?" मला वाटलं उंटाबद्दल विचारतायत. मी म्हटलं, नाही हो, मी बसनं आले. जेवण झालं का असं विचारत होत्या!

फोन का केला नाही, ते तुला कळलंच असेल. तुझा मोबाईल यज्ञेशनंच घेऊन दिलेला, त्यानंच चालू करून दिलेला. साखरपुड्यात त्यानं मला दिलेल्या फोनचं काय झालं ते तू बघितलंस. मी कुणाला काय लिहिते, कुठल्या दुकानासमोर थांबते, सगळं त्याच्यापर्यंत पोचत होतं. जाब विचारला तर रडायला लागला. म्हणाला, "प्रेमात लपवायचं काय असतं?" मी साखरपुडा मोडला, मावशी, पण त्याच्या लेखी तो अजून मोडलेलाच नाही. मी शाळेत शिकवून निघायचे तर हा समोरच्या झाडाखाली गाडीत बसलेला. सकाळपासून.

कंधारला आईबाबांना मी पुण्यात आहे एवढंच सांगितलंय. आईला पत्ता दिला तर संध्याकाळपर्यंत यज्ञेशच्या खिशात असेल. तिच्यासाठी तो अजून जावई आहे. हा पत्ता फक्त तुला. कुणालाही सांगू नकोस, देवाजवळसुद्धा बोलू नकोस.

बाकी सगळं छान. जुनी स्कूटी घेतली आहे. हेल्मेटचा पट्टा तुटलाय म्हणून ते सुतळीनं बांधते. मुलं मला 'सुतळी मॅडम' म्हणतात.

लवकर लिही.
तुझी मालू

*

नांदेड, ११ नोव्हेंबर

चि. मालविकास विनूमावशीचे पुष्कळ आशीर्वाद.

पोस्टमननं पाकीट हातात दिलं आणि काळजीनं विचारलं, "बाई, कोर्टाची नोटीस हाय का?" आता हातानं लिहिलेलं काही आलं की माणसांना कोर्टच आठवतं. आणि चष्मा डोक्यावर नव्हता, फ्रिजमध्ये होता. दुधाशेजारी.

सुतळी मॅडम वाचून मी एकटीच इतकी हसले की शेजारची गुणाबाई खिडकीतून बघायला लागली. अडतीस वर्षं शाळेत काढली, पोरांनी मला फक्त 'तोफ' म्हटलं. तुझं नाव बरं आहे.

मी ठीक आहे. आलोक दर रविवारी बंगळूरहून आईला बघायला व्हिडिओ कॉल करतो. त्याचा निम्मा चेहरा आणि घराचं पूर्ण छत दिसतं. छत चांगलं आहे. चार मिनिटांत त्याला मीटिंग आठवते.

परवा यज्ञेश येऊन गेला. चिडू नकोस, पुढं वाच. मी बोलावलं नव्हतं. गीझर बंद पडला होता, आणि हा दारात पाना-पक्कड घेऊन उभा. दुरुस्त केला, चहा घेतला, गेला. तुझं नावसुद्धा काढलं नाही. लई वाळलाय गं पोरगा. शर्ट अंगावर नाही, खुंटीवर अडकवल्यासारखा दिसतो. माणूस चुकतो, सुधारतोही. मी त्याला काही सांगितलेलं नाही, तू बेफिकीर राहा.

थंडी पडून राहिली आहे. सकाळी कान बांधत जा.
तुझी मावशी

*

लातूर, १९ नोव्हेंबर

प्रिय मावशी,

चिडू नकोस म्हणालीस म्हणून चिडले नाही. पत्र तेवढं उभ्यानं लिहिते आहे.

तू त्याला बोलावलं नव्हतंस. मग गीझर बंद पडलाय हे त्याला कुणी सांगितलं? गीझरनं? मावशी, माझं नाव काढलं नाही, यालाच मी भिते. तो कधीच काही मागत नाही. समोरच्याला द्यावंसं वाटेपर्यंत नुसता बसून राहतो. त्याला घरात घेऊ नकोस. तुझ्या शाळेतला तो आवाज काढ, एका हाकेत अख्खं मैदान गप्प करायचीस तो.

बरं, आता एक मजा. काल दारात वेफर्सचा पुडा ठेवलेला. अर्धापूरचे, केळीचे, मिरी लावलेले. आधी मी जिन्याखाली वाकून बघितलं, कारण यज्ञेश भेटायला यायचा तेव्हा हेच आणायचा. मी पुडा हातात धरून उभी, तोवर सिद्धम्मांनी तो घेतला, फोडला आणि अर्धा संपवला. म्हणाल्या, "विष असतं तर मीच मेले असते की. खा आता." माझ्या बॅचमधली अयोध्या अर्धापूरची आहे, तिनंच ठेवला असणार. विचारलं तर नाही म्हणते. लाजत असेल.

सिद्धम्मा आत्तापासून येळवसची, म्हणजे वेळा अमावस्येची, तयारी करतायत. त्यांचं शेत औशाच्या रस्त्याला आहे. त्या दिवशी म्हणे लातुरात कुत्रंसुद्धा दिसत नाही, सगळं गाव रानात. मलाही चल म्हणतायत.

दार लावून घे.
मालू

*

नांदेड, २७ नोव्हेंबर

चि. मालू,

गीझरचं मी आलोकला फोनवर सांगितलं होतं. वाण्याच्या दुकानातही बोलले असेन. नांदेड केवढं मोठं आहे म्हणून? बातमी तरोडा नाक्याहून निघाली की गुरुद्वाऱ्यापर्यंत पायी पोचते. आणि अर्धापूरचे वेफर्स लातुरातही मिळतातच की. तू उगं जिवाला घोर लावून घेऊ नकोस.

यज्ञेशला येऊ नको म्हणायचं ठरवलं होतं, खरंच. पण तो येतो संध्याकाळी, हातात भाजीची पिशवी. कांदा, मेथी, माझ्यासाठी मऊ पेरू. दारातल्या माणसाच्या हातातून मेथी घ्यायची आणि त्याला परत पाठवायचं, हे मला जमत नाही. परवा माझा वाढदिवस झाला. आलोकनं फुलांचं चित्र पाठवलं. यज्ञेशनं फुलं आणली. आम्ही दोघांनी बसून शिरा खाल्ला, आणि मी त्याला तोफेच्या सगळ्या गोष्टी सांगितल्या. पोटभर हसला.

तुझ्याबद्दल बोलणं नाहीच. बोललोच तर जुनं, लहानपणीचं.

येळवसला जाणार ना? शेंगा-पालेभाज्यांची भज्जी भरपूर खा, ताकातली आंबिल जपून पी. पहिल्यांदा पिणारा माणूस झाडाखालीच झोपतो.
मावशी

*

लातूर, ६ डिसेंबर

प्रिय मावशी,

आज जरा नीट बसून लिहिते. हसत हसत लिहायचं ठरवलंय, जमतं का बघू.

सोमवारी क्लास सुटल्यावर खाली आले तर माझी स्कूटी चकचकीत. कुणीतरी धुतलेली, पुसलेली, टाकी काठोकाठ भरलेली. मुलं म्हणाली, "मॅडम, तुमची गाडी आज लग्नाला चालली का?" आणि आरशाला अडकवलेलं नवं कोरं हेल्मेट. आकाशी रंगाचं, माझ्या डोक्याच्या बरोब्बर मापाचं.

सुतळीचं हेल्मेट इथं सगळ्यांनी पाहिलंय, म्हणून आधी वाटलं मुलांनी वर्गणी काढली. पण आकाशी रंग मला आवडतो हे इथं कुणाला माहीत? आणि हे माझ्या मापाचं हेल्मेट? क्षणभर मनात आलं, मी हेल्मेटचं लिहिलं होतं ते फक्त तुला. मग माझी मलाच लाज वाटली. तुझ्यावर संशय घेणं म्हणजे घरच्या तुळशीवर संशय घेण्यासारखं. तो पोस्टातून पत्रं फोडत असेल का गं? पाकिटाची कडा नीट बघत जा.

ते हेल्मेट मी मल्लिनाथला देऊन टाकलं. त्याच्या डोक्यावर ते टरबुजावर वाटी ठेवल्यासारखं दिसतं, पण तो खूश आहे.

येळवसला मी जाणार नाही. सहामाहीचे दीडशे पेपर तपासायचेत, आणि खरं सांगू, एवढ्या माणसांत आजकाल मी सारखी मागं वळून बघते. घरी एकटी राहीन, दार लावून, चहा करत. गाव रिकामं असेल, म्हणजे भीतीही नको. हे फक्त तुला सांगतेय. सिद्धम्मांना आयत्या वेळी सांगेन, नाहीतर त्या मला पोत्यात घालून नेतील.

मालू

*

नांदेड, १६ डिसेंबर

मालू,

हे पत्र मिळताच सिद्धम्मांना सांग की तू शेतावर येणार. पेपर राहू देत. येळवसच्या दिवशी घरात एकटी थांबू नकोस. कारण विचारू नकोस. मी मोठी आहे, एवढं ऐक.

मावशी

*

लातूर, २३ डिसेंबर

प्रिय मावशी,

तुझं सोळा तारखेचं पत्र आज मिळालं! येळवस होऊन गेली, तू येऊन गेलीस, आणि मागून तुझं पत्र रांगत आलं. सिद्धम्मा म्हणतात, पोस्टमनसुद्धा आंबिल पिऊन झोपला असेल.

तू दुसऱ्या दिवशी पहाटेच निघून गेलीस. डोकं दुखतंय म्हणालीस. आपलं बोलणंच झालं नाही. तू यायच्या आधी वर काय झालं ते तुला माहीत नाही, म्हणून लिहिते.

सकाळी सिद्धम्मा आंबिलीचं मडकं मांडीत घेऊन टेम्पोत बसल्या. मला शिव्या देत गेल्या, निम्म्या कानडीत, त्यामुळं निम्म्याच लागल्या. मग गल्ली रिकामी झाली. मावशी, असलं शांत गाव मी कधी बघितलं नव्हतं. दुकानं बंद, क्लास बंद, दूध तापल्याचासुद्धा आवाज कुठून नाही. मी खूश होऊन चहा ठेवला आणि खाली फाटकाला कुलूप लागल्याचा आवाज आला. वाटलं, सिद्धम्मा काही विसरून परत आल्या.

यज्ञेश जिना चढून वर आला. हातात चार खणांचा डबा. इस्त्रीचा शर्ट. "तुझी येळवस चुकू नये म्हणून आणलं," म्हणाला. फाटकाला त्यानं स्वतःचं कुलूप लावलं होतं. येताना घेऊनच आला होता. किल्ली वरच्या खिशात ठेवली आणि खिशावर हात ठेवून म्हणाला, "आता कुणी त्रास द्यायला येणार नाही."

मी ओरडले नाही. ऐकायला होतं कोण? त्यानं जमिनीवर पेपर पसरला. भज्जी, बाजरीचे उंडे, भरीत, सगळं नीट वाढलं, माझं ताट आधी. म्हणाला, "जेव. मग आपण निघू. बाबांना सांगितलंय, सून घेऊन येतोय." आवाज अगदी मऊ. मला एकच सुचलं, याला बोलण्यात गुंतवायचं. मी म्हटलं, थांब, पेपर राहिलेत, दोन वाचू दे. आणि मी मुलांची उत्तरं मोठ्यानं वाचायला लागले. एकानं लिहिलं होतं, 'बेडूक दोन्हीकडे राहतो कारण त्याचं कुठंच पटत नाही.' दुसऱ्यानं लिहिलं होतं, 'हृदयाचे कार्य प्रेम करणे, व उरलेल्या वेळात रक्त पंप करणे.' मी हसले. तो हसला नाही. म्हणाला, "बरोबर लिहिलंय. पूर्ण मार्क दे."

मी दिले, मावशी. लाल पेनानं. 

असे मी किती पेपर वाचले कुणास ठाऊक. उंडे गार झाले. शेवटी त्यानं माझ्या हातातला गठ्ठा काढून घेतला, कडा जुळवून बाजूला ठेवला आणि म्हणाला, "चल." आणि तेवढ्यात खालून तुझा आवाज आला. "यज्ञेश! खाली ये. फाटक उघड."

तो आवाज! अख्खी रिकामी गल्ली दणाणली. तो ताठ उभा राहिला, शाळेतल्या पोरासारखा. मी खिडकीत गेले. तू फाटकाच्या गजांतून हात आत घातला होतास, तळवा वर करून. नुसती म्हणालीस, "किल्ली." आणि तो जिना उतरून गेला आणि त्यानं किल्ली तुझ्या हातावर ठेवली. कडुलिंबामागून चौकीतल्या पंचशीला मॅडम बाहेर आल्या, तेव्हा कुठं मला रडू फुटलं. खाकीतली बाई आणि तिच्या स्कूटरवर मागं बसून आलेली माझी मावशी, पदर कमरेला खोचलेला!

पायरीवर बसून तो काय म्हणाला ते ऐकलंस ना? "मावशी, तुम्ही जेवलात का?" त्याला खरंच तेच विचारायचं होतं.

गुन्हा नोंदवला आहे. पंचशीला मॅडम रोज चक्कर मारतात. डबा पंचनाम्यात घेतला, आणि तो किती दिवस ठेवायचा म्हणून चौकीतले परेशान आहेत, भज्जीला वास यायला लागलाय. कंधारहून बाबा आले होते. फाटकाला दुसरी कडी बसवून गेले. आईनं फोनवर पहिल्यांदाच 'जावई' शब्द गिळला.

एकच विचारायचं राहिलं. तुला कळलं कसं, तो येणार म्हणून?

मालू

*

नांदेड, ३० डिसेंबर

मालू,

हे पत्र मी चार वेळा फाडलं. गुणाबाई म्हणाली, बाई, एवढे कागद कशाला, पाटी घ्या.

कळलं कसं, तर मीच सांगितलं होतं म्हणून.

सगळं मीच सांगितलं. पहिल्या चहाला नाही. दुसऱ्या का तिसऱ्या. तो काही विचारतच नव्हता, तू म्हणालीस तसंच. नुसता बसायचा. एकदा डोळे पुसले. मला राहवलं नाही. म्हटलं, बरी आहे रे ती, लातुरात मन रमलंय तिचं. तेवढंच. मग तो रोज यायला लागला. आणि मालू, रोज आलेल्या माणसाशी बोलायला मजजवळ होतं काय? माझ्या दिवसात काही घडतच नाही. दूध येतं, पेपर येतो, ऊन भिंतीवरून सरकतं. घडत होतं ते तुझ्याकडे. तुझं पत्र आलं की माझ्याकडे सांगायला काहीतरी असायचं. सिद्धम्मांचा उंट सांगितला, सुतळी सांगितली. तो हसायचा. मी आणखी सांगायची. घर कुठल्या गल्लीत हेसुद्धा अशाच हसण्यात गेलं.

तुझं हेल्मेटचं पत्र आलं आणि मला कळलं, हे माझ्याच तोंडून गेलंय. तू तुळशीचं लिहिलं होतंस. मी ते वाचलं, घडी घातली आणि स्वतःला म्हटलं, हेल्मेटच तर दिलंय, डोकं वाचवायचीच वस्तू आहे. बघ, माणूस कसं स्वतःला समजावतो. त्याच संध्याकाळी तो आला. आज बोलायचंच नाही असं ठरवून बसले होते. तो म्हणाला, "यंदा येळवसला ती मजा करेल." आणि माझ्या तोंडून गेलं, "कसली मजा, एकटी घरात बसणार आहे पेपर घेऊन." त्यानं कप खाली ठेवला. अर्धा भरलेला. मग चार-पाच दिवस फिरकला नाही.

सोळा तारखेला आला तो माझ्या पाया पडायला. नवा शर्ट. म्हणाला, "आशीर्वाद द्या. येळवसला तिला घेऊन येतो, कायमची." मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, मालू. सवयीनं. मग तो गेला आणि मी तुला ते पत्र लिहिलं.

तू म्हणशील, तेव्हाच का नाही निघालीस? पोलिसांना का नाही सांगितलंस? तुझा फोन नंबर तर माझ्याकडे नव्हताच. दोन दिवस मी घरात येरझाऱ्या घातल्या. पत्र पोचेल, पोचेल म्हणत राहिले. भीती त्याची नव्हती. पोलिसांना सांगायचं तर आधी हे सांगावं लागलं असतं की पत्ता मी दिला. तुझ्याकडे यायचं तर तुझ्या तोंडाकडे बघावं लागलं असतं. येळवसच्या पहाटे उठले आणि लक्षात आलं, माझी अब्रू वाचवायला मी तुला पणाला लावून राहिले आहे. मोबाईल देवघरात ठेवला, चालूच. त्याला वाटू दे मी पूजेला बसले आहे. पहिली बस पकडली.

आणि बस अडकली माळेगावच्या यात्रेत! पुढं घोडे, मागं गाढवं, मधे आमची एसटी. मी कंडक्टरला म्हटलं, अरे, माझ्या पोरीचा जीव धोक्यात आहे. तो बिचारा स्वतः खाली उतरला आणि एका घोड्याला कानाला धरून बाजूला केलं. लातूरच्या स्टँडवर चौकीत पंचशीला एकटीच होती, बाकी सगळे येळवसला. मी तिला सगळं सांगितलं. पहिल्यांदा कुणाला तरी खरं सांगितलं, आणि तिनं एकच विचारलं, "मावशी, स्कूटरवर बसता येतं का?"

आता जे कुणाला सांगितलं नाही ते सांगते. त्यानं किल्ली दिली ती पोलिसाला घाबरून नाही. पंचशीला त्याला दिसलीच नव्हती. त्यानं माझ्या भरवशावर दिली. त्याला वाटलं, मी त्याच्या बाजूनं आले. मी तुला दगा दिला, आणि त्यालाही दिला. तुझ्याशी केलेल्याची लाज वाटते. त्याच्याशी केलेलं बरोबर होतं हे कळतं, तरी तो 'जेवलात का' म्हणाला ते कानातून जात नाही. मला कुणीतरी तसं विचारावं म्हणून तर हे सगळं झालं.

अनंतराव येऊन गेले, त्याचे वडील. दारातच उभे राहिले, आत आले नाहीत. जामिनावर सुटल्यावर त्याला डॉक्टरला दाखवून राहिलेत, मनाच्या. लातूरच्या हद्दीत जायचं नाही असं लिहून घेतलंय म्हणे. मी पेला भरून पाणी दिलं. काही सांगितलं नाही. काहीसुद्धा नाही.

आलोकला मात्र सगळं सांगितलं. कधी नव्हे तो त्याचा पूर्ण चेहरा दिसला.

माफी मागत नाही. मागायला तोंड नाही. उत्तर नाही दिलंस तरी मी समजेन.

विनीता

*

लातूर, १६ जानेवारी

प्रिय विनूमावशी,

सही 'विनीता' अशी करू नकोस. बँकेचं पत्र आल्यासारखं वाटलं.

उत्तराला उशीर झाला, मुद्दाम केला. संक्रांत जाऊ दिली. तिळगूळ हातात घेऊन लिहायला बसले असते तर खोटं गोड लिहिलं असतं.

मला माहीत होतं, मावशी.

जिना चढून वर आल्यावर यज्ञेशचं पहिलं वाक्यच ते होतं. "मावशी म्हणाल्या, तू एकटी असशील." हे मी गेल्या पत्रात लिहिलं नाही. तुला कळलं कसं, असं विचारलं, कारण तू काय उत्तर देतेस ते मला बघायचं होतं. पोटात एक आणि ओठावर एक ठेवून तुला पत्र लिहिलं. आपल्या घराण्यात हे कुठून येतं ते आता कळलं.

तू लिहिलं नसतंस तर मी काय केलं असतं ते मला माहीत नाही. बहुतेक येणं-जाणं ठेवलं असतं, दिवाळीला साडी पाठवली असती, आणि तुला पुन्हा कधी काही खरं सांगितलं नसतं. तुझं पत्र आलं आणि मी ते जिन्यात बसून वाचलं. त्या घोड्याच्या कानापाशी मला हसू आलं, आणि हसता हसता इतकं रडले की सिद्धम्मा धावत आल्या. काय झालं विचारायला लागल्या. मी म्हटलं, मावशीचं पत्र आहे. म्हणाल्या, "वारली का?" म्हटलं, नाही, जिवंत आहे. "मग रडतीस कशाला, बोलव की तिला."

तर त्यांचा निरोप असा की तू इथं येऊन राहावंस, निदान उन्हाळ्यापर्यंत. खालची मागची खोली रिकामी आहे. क्लासला हस्ताक्षर आणि मराठी शिकवणारी बाई हवी आहे. इथल्या मुलांना 'तोफे'ची फार गरज आहे, माझं कुणी ऐकत नाही. आणि बोलायची हौस आली तर सिद्धम्मांशी बोल. त्यांना तुझं निम्मंच कळेल, तुला त्यांचं निम्मंच कळेल, बाहेर काही जायचा प्रश्न नाही.

पण एक सांगायलाच हवं. तू म्हणशील, लेकीनं माफ केलं, खोली पण दिली, झालं. तसं नाही. पत्ता सांगितलास, हेल्मेट सांगितलंस, येळवस सांगितलीस, ते सगळं मी सोडून दिलं. एकटं माणूस बोलतं. मी एकटी राहून बघितलंय, मलाही भिंतीशी बोलावंसं वाटायचं. पण खालून तुझा आवाज आला ना, 'यज्ञेश, खाली ये', तेव्हा तू त्याला नावानं हाक मारलीस, मला नाही. आणि 'मावशी म्हणाल्या' माझ्या कानात होतंच. एक क्षण मला वाटलं, तू त्याच्याबरोबर आली आहेस. मला न्यायला, दोघं मिळून. त्या कुलपाला, त्या गार उंड्यांना मी भ्याले नव्हते, एवढी त्या एका क्षणाला भ्याले. तुझा हात गजांतून आत आला तेव्हा तो क्षण गेला. पण तो आला होता. तो क्षण मी तुला अजून माफ केलेला नाही. प्रयत्न केला, होत नाही.

म्हणून ये. आलोकला सांग, बंगळूरच्या छताला सांग, गुणाबाईला किल्ली दे आणि ये. मला तुझ्याशी कडाकडा भांडायचंय, समोर बसून, चहाचे कप गार होईपर्यंत. पत्रात आवाज चढत नाही.

तुझीच
मालू